पाठमोऱ्या माणसाची चोरी

१

भिंतीवर काठी होती. काठीला दोऱ्या होत्या. दोऱ्यांच्या गाठी कुणीतरी सावकाश, नख मोडू न देता सोडवल्या होत्या. काठीला लटकणारा माणूस मात्र गायब होता.

खराखुरा माणूस नव्हे, विणलेला. सोलापुरात चादरीवर मोर विणतात, वाघ विणतात, कुणी सांगितलं तर अख्खी वरातही विणून देतील. हा एक माणूस होता, भिंतीकडं तोंड केलेला.

"गौरक्का, बाबा दुपारी जेवून येणार आहेत," तेजश्री म्हणाली. रडायच्या बेतात असताना तिला उचकी लागली.

"आधी पाणी पी. मग घाबर," गौरम्मा म्हणाली आणि तिनं चष्मा पुसला.

गौरम्माची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. समोरच्याच्या 'हॅलो'वरून त्यानं न्याहारीला काय खाल्लं ते ती सांगायची, असं गल्लीत बोलतात. एकदा दुधनीहून लावलेल्या कॉलवर पलीकडचा माणूस नुसता खोकला, तर हिनं विचारलं, "जावईबापू, सासऱ्यांशी भांडण मिटलं का?" पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. म्हणजे मिटलं नव्हतं. निवृत्तीनंतर गल्लीत कुणाची मांजर हरवली, कुणाचं जुळता जुळता मोडलं, की लोक पोलिसांच्या आधी गौरम्माकडं येत. पोलीसही अधूनमधून येत, पण ते शेंगाचटणीसाठी.

तेजश्री तिच्या शेजारची पोरगी. आठवड्याचा पगार नाही, बढती नाही, असलं फोटोग्राफीचं वेड घेऊन बसलेली. त्यातही चेहरा टाळून माणसाचा फोटो काढायचा. प्रदर्शनाचं नाव 'बिनचेहऱ्याची माणसं'. धनगर बिरप्पाची मानेवर आडवी धरलेली काठी आणि तिच्यावरून लोंबणारे दोन्ही हात. कडक भाकरी गुडघ्यावर आपटून मोडणाऱ्या बजाबाईची मूठ. भाकरीची काय चूक झाली असेल, असं बघणाऱ्याला वाटावं, अशी ती मूठ. आणि मधोमध हा विणलेला पाठमोरा. चौकड्यांचा शर्ट, पडलेला डावा खांदा, त्या खांद्यावर बायकोची लाल पर्स. नाव 'पाठीराखा'.

"दुसरा छापून लाव की," गौरम्मा म्हणाली.

"कुठनं छापू? ज्या फोनवर काढला तो तलावात पडला. एकच प्रिंट होती. ती बघून नरसय्यामामांनी विणलं, आणि मग ती प्रिंट त्यांच्या बकरीनं खाल्ली."

"अख्खी?"

"पर्सपासून सुरुवात केली."

गौरम्मानं हसू गिळलं, कारण पोरीचं खरंच अडलं होतं. तेजश्रीचे वडील त्रिंबक, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात मित्राकडं शब्द टाकून तिच्यासाठी हिशेबनीसाची जागा धरून ठेवली होती. बापलेकीत पैज लागलेली. चेहरा न बघता त्यांनी प्रदर्शनातला एक जरी माणूस ओळखला, तर नोकरीचं नाव काढणार नाहीत. नाही ओळखला, तर सोमवारी तेजश्री चिंचोळीत हजर.

"बाकी सगळे बाबांना अनोळखी आहेत," तेजश्री म्हणाली. "त्यांच्या ओळखीचा एवढा एकच होता."

"कोण?"

"पैज आहे गौरक्का. नाव फुटलं तर मेले. बाबा बघेपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून तर त्याच्यावर पडदा टाकला होता."

"पडदा? कुटं हाय पडदा?"

तेजश्रीनं कोपऱ्यातल्या खुर्चीकडं बोट केलं. गौरम्मा खुर्चीपाशी गेली, वाकली, आणि तशीच वाकून राहिली.

"अय्यो," ती म्हणाली. "चोर आपली सही करून गेलाय की गं."

२

खुर्चीवर पांढरा पडदा होता. टाकलेला, चुरगळलेला, बोळा केलेला नव्हे. लांबट, अरुंद घडी घातलेला, काठ वरच्या बाजूला आणि दोन्ही टोकं सारखी. हात लावला की उचलून सरळ कुणाच्या खांद्यावर ठेवावा, असा.

"यात सही कुठं आहे?" तेजश्रीनं विचारलं.

"नीट बघ. चोर घाईत असतो की न्हाई? घाईत माणूस डोकं वापरत नाही, हात आपले सवयीनं चालतात. ही घडी अंथरुणाची नाही, कपाटाची नाही. विचार कर तू. तोवर मी माणसं बघते."

ज्या तालीम मंडळाच्या सभागृहात प्रदर्शन होतं, त्याची किल्ली हापीसच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेली असे. मंडळाचं म्हणणं असं, की तालमीत चोरी करायला येणाऱ्याला बाहेर जाता येणार नाही. काल संध्याकाळी पडदा टाकल्यानंतर तिघंच आत येऊन गेले होते. दिवे लावून देणारा स्टुडिओवाला गुरुराज, विणकर नरसय्या आणि मंडळाचे अध्यक्ष शहाजीराव.

गुरुराज तालमीच्या ओट्यावरच चहा पीत बसला होता. गळ्यात दोन कॅमेरे. लग्न, मुंज, बारसं, पासपोर्ट यांतून त्याला जन्मात सवड मिळालेली नव्हती.

"मी चोरणार?" तो म्हणाला. "गौरक्का, चेहरा नाही त्याला मी फोटोच म्हणत नाही. पासपोर्ट हापिसात पाठीचा फोटो देऊन बघा म्हणावं. परदेशात उलटं चालत जावं लागेल."

"पण तू चौकात म्हणालास, हे प्रदर्शन भरलं तर मी कॅमेरा तलावात टाकीन."

"रागानं म्हणालो. कॅमेऱ्याचे हप्ते आहेत अजून." त्यानं कप ओट्यावर ठेवला. "खरं सांगू? काल काठी टांगताना मीच हात दिला. तो पर्सवाला बघितला आणि घरी जाऊन बायकोला म्हटलं, चल, तुला साडी घेऊ. ती म्हणाली, ताप आलाय का?"

"इकडं धर जरा," म्हणत गौरम्मानं आपली लाल पर्स त्याच्यापुढं केली आणि चष्मा शोधायचं नाटक केलं. चष्मा डोळ्यांवरच होता. गुरुराजनं बोलता बोलता पर्सचा पट्टा कॅमेऱ्यांच्या पट्ट्यांबरोबर गळ्यात घातला. सकाळी मंडळाच्या सत्काराचे फोटो काढले, आता मुंजीला जायचंय, असं सांगत राहिला. पर्स गळ्यात आहे हे तो विसरूनही गेला. शेवटी तिलाच ती काढून घ्यावी लागली.

नरसय्या सूत घेऊन सायकलवरून निघाला होता, त्याला तिनं दारातच गाठलं.

"अम्मा, मी कशाला चोरू?" तो म्हणाला. "मला तो पाहिजे होता हे खरं. पर्सचा लाल रंग जमायला किती वेळा उसवलं, माझं मला माहीत. पण घरी ठेवायला भीती वाटते हो."

"कसली?"

"बकरीची. तिला चव लागलीय त्याची."

गौरम्मानं त्याच्याही हातात पर्स दिली. त्यानं ती सायकलच्या हँडलला अडकवली, पट्ट्याची शिलाई अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाला, "धागा कच्चा आहे, अम्मा. तुटेल एक दिवस."

"हौदा? खरंच?" गौरम्मा म्हणाली आणि पर्स परत घेतली.

आता उरले होते शहाजीराव, आणि ते हापिसाच्या मागच्या दारानं निघून जायच्या तयारीत होते.

३

शहाजीरावांच्या मिशा त्यांच्या आधी खोलीत शिरत आणि त्यांच्या नंतर बाहेर पडत. छाती एवढी रुंद, की तालमीच्या दारातून ते तिरके येत. दर भाषणात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "गड्यांनो, बायकांच्या मागं मागं हिंडू नका, मनगट ढिलं पडतं." सत्कार हा त्यांचा श्वास. नवा पोस्टमन आला, सत्कार. जुना गेला, सत्कार. एकदा चुकून गॅस सिलिंडर पोचवायला आलेल्या माणसाचाही झाला होता, आणि तो बिचारा दोन शब्दही बोलला होता.

"एन्री, काय हो शहाजीराव, एवढ्या घाईत?"

"अक्का, काम हाय जरा. चोरीचं कळलं, लई वाईट झालं. मी काय बघितलं न्हाय बरं का. पडदा होता त्याच्यावर. आत मोर हाय का वाघ, मला काय ठावं?"

"बरोबर. मी कुटं काय म्हणतेय? हे धरा जरा, माझा चष्मा..."

लाल पर्स पुढं येताच शहाजीराव मागं सरकले. नाग पुढ्यात आल्यासारखे सरकले. पाठ भिंतीला लागली, तरी सरकायचे थांबले नाहीत. भिंतीवरचं गदेचं चित्र वाकडं झालं.

"न्हाय, न्हाय! आपल्याला न्हाय जमत असलं. खाली ठेवा ती. कुणी बघंल!"

"नुसती पर्स हाय, शहाजीराव."

"तेच म्हणतोय मी!"

गौरम्मानं पर्स आपल्या खांद्याला लावली आणि समोरच्या खुर्चीत बसली. तेजश्री दारात उभी होती, तिला तिनं आत बोलावलं.

"ऐका आता. त्या दोघांनी ते चित्र बघितलेलं, तरी त्यांना पर्सचं काही वाटलं न्हाई. तुम्ही म्हणता, मी बघितलंच न्हाय, आणि पर्स बघून तुमचा रंग उडाला. का? आत पर्सवाला गडी हाय हे तुम्हाला माहीत होतं. म्हणजे तुम्ही पडदा काढलात. काढलात आणि त्याची घडी घातलीत. कशी? काठ वर, टोकं सारखी, खांद्यावर ठेवायची. चादर बघितली की तुमचे हात सत्काराला लागतात, शहाजीराव. आख्ख्या सोलापुरात अशी घडी दुसरं कोण घालतं?"

शहाजीराव स्टुलावर बसले. स्टूल कण्हलं.

"पोरी," ते तेजश्रीला म्हणाले, "माझी अब्रू चव्हाट्यावर मांडायच्या आधी विचारायचं तरी होतंस."

"तुमची?"

"मग कुणाची? दिवाळीच्या आधी बायकोनं, पूनमनं, मला नव्या पेठेत नेलं. म्हणली, ट्रायल घेते, हे धरा. दुकानाच्या दारात उभा राहिलो. एवढा येळ उभा राहिलो की लोक मला दर विचारायला लागले. आणि काल उत्सुकता म्हणून पडदा वर केला, तर मी! माझी पाठ, माझा खांदा, तीच पर्स! तालमीतली पोरं आज बघणार. मनगट ढिलं पडतं म्हणणारा अध्यक्ष, आन् खांद्याला..." त्यांनी मिशा दोन्ही हातांनी झाकल्या.

तेजश्री त्यांच्या स्टुलाजवळ आली. मग हळूच म्हणाली, "काका, तो तुम्ही नाही."

"मी न्हाय?"

"माझे बाबा आहेत ते."

शहाजीरावांच्या तोंडावर सुटकेचा आनंद आला, आणि त्याच्या मागोमाग, कुणाला खरं वाटणार नाही, थोडासा हिरमोड.

"मग मला वाटलं कसं, की मीच हाय?"

"ते तुमचं तुम्ही शोधा," गौरम्मा म्हणाली. "चित्र कुटं हाय ते सांगा आधी."

"हितंच हाय की! चादर लपवायला चादरींपेक्षा बरी जागा कुठली? सत्काराच्या कपाटात, ढिगाच्या सगळ्यात तळाला." त्यांनी किल्ली काढली, ऐटीत कपाट उघडलं, ढीग उचलला.

तळाला फळी होती.

४

"सकाळी सत्कार कुणाचा केलात?" गौरम्मानं विचारलं.

"अजिनाथ म्हणून केळीवाले हायत, उजनीकडचे. प्रगतिशील शेतकरी. पण त्यांना द्यायची वरची चादर..." शहाजीराव थांबले. "आमची पोरं चांगली चादर तळाला असती म्हणून तळातनं ओढत्यात."

"पण खांद्यावर कुणी घातली? तुम्हीच की न्हाई? दिसलं न्हाई?"

उत्तर गुरुराजच्या कॅमेऱ्यात होतं. त्याला मुंजीच्या वाटेवरून परत बोलावलं. मंगलाष्टकांच्या आधी पोचायचंय म्हणून तो उभ्या उभ्याच फोटो दाखवू लागला. फोटोत सगळे चेहरे स्वच्छ होते. शहाजीराव कॅमेऱ्याकडं बघून हसत होते, अजिनाथ कॅमेऱ्याकडं बघून डोळे मिटत होते, मागची मंडळी एकमेकांच्या खांद्यांवरून कॅमेऱ्यात शिरत होती. आणि अजिनाथांच्या खांद्यावर, सगळ्यांच्या मधोमध, लाल पर्स लोंबत होती. तिच्याकडं एकानंही बघितलेलं नव्हतं. खुद्द गुरुराजनंही नाही.

"चेहरे नीट आलेत की नाही तेवढंच बघितलं मी," तो खाली मान घालून म्हणाला.

अजिनाथांचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. मोटारसायकलवर आले होते, म्हणजे वाटेत असणार. डिसेंबरातला गार वारा, नवीकोरी जाड चादर. सोलापूरच्या माणसाला पुढचं सांगायला नको.

"अंगावर घेतली असणार," गौरम्मा म्हणाली, आणि तिच्या आवाजात एक्स्चेंजची जुनी धार आली. "कुटंबी वाट वाकडी केली तरी मोहोळला चहा घेतल्याशिवाय उजनीकडचा माणूस पुढं जात न्हाई. तिथला हॉटेलवाला शिवयोगी माझा आवाज ओळखतो."

फोन लागला.

"शिवयोगी, गौरम्मा बोलतेय. रस्त्याकडं तोंड करून उभा राहा. मोटारसायकलवर एक माणूस येईल, त्याच्या पाठीवर दुसरा माणूस असंल. थांबव त्याला."

"डबलसीट म्हणा की, अक्का."

"डबलसीट न्हाई. एकटा. पाठीवर पाठ असंल. आणि त्या पाठीला पर्स."

पलीकडं बराच वेळ कढईतल्या भज्यांचा आवाज येत राहिला. "अक्का, तब्येत बरी हाय न्हवं तुमची?" मग एकदम ओरडणं ऐकू आलं. "आला! अय्य शिवशिवा, आला! उलटा बसून चालवतोय का काय हा गाडी?"

मागून येणाऱ्या दोन ट्रकवाल्यांनाही तसंच वाटलं होतं आणि ते सावधपणे पार पाकणीपासून मागं मागंच राहिले होते, असं नंतर शिवयोगीनं सांगितलं. मोहोळात आता ती रांग कोसभर लांब होती असं सांगतात. पुढच्या वर्षी ती दोन कोस होईल.

अजिनाथ फोनवर आले. "व्हय, चादर हाय की. मानूस हाय तिच्यावर, मला वाटलं सोलापूरची नवी डिझाईन असंल. काय म्हणता? परत? माझ्या सत्काराची हाय ती! असं काढून घेत्यात व्हय?"

शहाजीरावांनी फोन घेतला. जन्मात पहिल्यांदा ते माइकशिवाय एवढ्या नम्रपणे बोलले. "अजिनाथराव, या माघारी. तुमचा परत सत्कार करतो. दोन चादरी घालतो. भाषण करत न्हाय."

भाषण नाही म्हटल्यावर अजिनाथ लगेच वळले.

५

दोऱ्यांच्या गाठी पुन्हा बांधून होतात न होतात, तोच त्रिंबक आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर वर्कशॉपमधल्या बिघडलेल्या इंजिनाकडं बघायची नजर. मागून पारूबाई, तेजश्रीची आई, दारातच ओळखीच्या बाया भेटल्या म्हणून थांबलेल्या. जयभीम झाला, पाणी झालं. त्रिंबक एकेका चित्रापुढं उभे राहू लागले.

बिरप्पाची काठी. "न्हाय ओळखत."

बजाबाईची मूठ. "न्हाय ओळखत. पण हिच्याशी भांडण नको."

तेजश्री खांबाला टेकून उभी होती. तिच्या हाताची बोटं गौरम्माच्या हातात होती. त्रिंबक मधल्या भिंतीपाशी आले. पडदा बाजूला झाला.

ते बघत राहिले.

"हा कोण?" त्यांनी विचारलं. "बायको आत दुकानात हाय याची. लई येळ झालाय. डावा पाय दुखतोय, पन बसायचा न्हाय हा. तिला बाहेर आल्यावर दिसायला पायजे, म्हणून दारासमोरच उभा हाय." ते एक पाऊल पुढं गेले. "पर्स नुसती अडकवली न्हाय बघ, वरनं हात दाबून धरलाय. गोळ्या असतील तिच्या आत. घरात जास्त बोलत नसंल ह्यो. पोरांवर उगं चिडत असंल. चिडतो ते बी भ्यायल्यामुळं. आपल्या माघारी पोरांचं कसं व्हायचं, म्हणून." त्यांनी नाक ओढलं. "मानूस वाईट न्हाय. पन न्हाय बा. माझ्या ओळखीतला न्हाय."

तेजश्रीनं डोळे मिटले. सोमवार आला.

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी एक. शहाजीरावांच्या पूनमवहिनी पदर तोंडाला लावून थरथरत होत्या. शेवटी त्यांनी नवऱ्याच्या कानात सांगितलं, पण असं, की सगळ्यांना ऐकू जावं. "तुमी हाय म्हणं हा! तुमी पर्स धरल्यावर तीनदा आत येऊन 'आटप की' म्हणलात. बघा, असं उभं राहायचं असतं."

आणि त्यांनी चित्राकडं बोट केलं नाही. चित्रापुढं उभ्या असलेल्या त्रिंबककडं केलं.

तेव्हा साऱ्या सभागृहाला दिसलं. भिंतीवर एक पाठ होती आणि तिच्यापुढं दुसरी. दोन्हींचा डावा खांदा पडलेला, दोन्हींचा डावा पाय हलका टेकलेला. पारूबाई बायांशी बोलत दारात रमलेल्या, त्यामुळं त्यांची लाल पर्स त्रिंबकच्या खांद्यावर, आणि पर्सवर त्यांचा दाबून धरलेला हात.

"अहो," पारूबाई आत येत म्हणाल्या, "सोताला न्हाय तर न्हाय, माझी पर्स तरी ओळखायची!"

त्रिंबकनी चित्राकडं बघितलं. खांद्याकडं बघितलं. पुन्हा चित्राकडं. कान लाल झाले, अगदी नरसय्याला जमायला कठीण गेला होता तसल्या लाल रंगाचे.

"म्हंजे," ते म्हणाले, "पैज मी जिंकलो का हरलो?"

सगळे गौरम्माकडं बघू लागले. तिनं मुद्दाम चष्मा पुसला.

"ओळखायची पैज होती. तुम्ही ओळखलं न्हाई," ती म्हणाली. "तेजू हरली."

तेजश्रीची बोटं तिच्या हातातून सुटली.

"ओळखला न्हाय हे खरं," त्रिंबक घसा खाकरत म्हणाले. "पण गौरक्का, कळला की मला. चेहरा तर मी रोज आरशात बघतोय दाढी करताना. तवा ह्यातलं काय कळलं न्हाय कधी." मग लेकीकडं न बघता, भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सोमवारी चिंचोळीला मी जातो. मित्राला तोंडावर सांगावं लागंल, पोरगी येणार न्हाय म्हणून. फोनवर बरं दिसत न्हाय."

तेजश्री धावत गेली, पण बापाला मिठी मारायची त्या घरात पद्धत नव्हती. म्हणून ती नुसती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. गुरुराजनं मागून कॅमेरा उचलला. चेहरे दिसत नव्हते. त्यानं क्षणभर विचार केला आणि बटण दाबलं.

"एक सांग," त्रिंबक कुजबुजले. "माझा खांदा खरंच एवढा वाकडा हाय?"

"आहे बाबा."

"मग सरळ करतो. दुसरा काढ."

त्यांनी छाती काढली, डावा खांदा उजव्याच्या बरोबरीनं वर उचलला. तशी पर्स सर्रकन घसरली. पडायच्या आत त्यांनी ती पकडली, पुन्हा जागेवर लावली, वरून हात दाबून धरला, आणि खांदा आपोआप खाली आला.